खोडलेलं नाव

शहाण्णव साली प्रबुद्धनं मोतीबिंदूच्या शिबिरासाठी प्रोग्राम लिहिला, तेव्हा साताऱ्यात त्याचं फार कौतुक झालं. ते पचवायला पोट लागतं, आणि ते काही त्याच्याकडे नव्हतं. रुग्णांची एक यादी साताऱ्याच्या कंप्युटरवर, दुसरी कवठे महांकाळला, तिथली नावं नोंदवणाऱ्या मंगलकडे. दोघांनी आपापल्या जागी नावं घालायची, खोडायची. शनिवारी मंगलची फ्लॉपी एसटीनं यायची आणि प्रोग्राम दोन्ही याद्यांची एक यादी करायचा.

शिबिराच्या दिवशी मंगल आपल्या सासऱ्यांना, बिराप्पांना, हाताला धरून साताऱ्याला घेऊन आली. यादीत त्यांचं नाव नव्हतं.

"सायेब, मी घातलं हुतं," मंगल म्हणाली.

"कंप्युटर विसरत नाही, माणूस विसरतो," प्रबुद्ध सगळ्यांदेखत म्हणाला. "स्वतःच्या सासऱ्याचं नाव राहिलं तुमच्याकडून."

बिराप्पांनी सुनेचा हात सोडला आणि भिंत चाचपत ते बाहेर गेले.

पुढच्या आठवड्यात प्रबुद्धनं शिबिराआधी आलेली मंगलची फ्लॉपी उघडली. नाव होतं. रक्तातली साखर जास्त म्हणून साताऱ्यात ते खोडलं होतं, आणि त्याच आठवड्यात साखर उतरल्यावर मंगलनं त्याची नवी नोंद घातली होती. एकीकडे खोडलेलं नाव दोन्हीकडून जावं, हा नियम प्रबुद्धचाच. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी देणारा पुन्हा चोरच. त्यानं नियम बदलला: खोडणाऱ्यानं पाहिलेली नोंद तेवढीच खोडायची, दुसरीकडची नवी राहू द्यायची. दहा ओळींचं काम. मंगलला तोंड दाखवायला मात्र त्याला महिना लागला, इतकी त्याला स्वतःची लाज वाटत होती.

तो कवठे महांकाळला गेला, तेव्हा बिराप्पा घराच्या ओट्यावर बसले होते. मंगल जवळच ज्वारी निवडत होती.

"आबा, चूक माझी होती," प्रबुद्ध म्हणाला. "यांनी नाव घातलं होतं. पुढच्या शिबिरात तुम्हाला मी स्वतः न्यायला येईन."



"म्हैनाभर हिच्या हातचं पानी घेतलं न्हाई मी," बिराप्पा म्हणाले. "ल्योक हिला रोज बोलायचा, आन मी ऐकत बसायचो. पोरी, पानी आन."

मंगलनं एक तांब्या सासऱ्यांच्या हातात दिला, दुसरा प्रबुद्धपुढं ठेवला.

"सायेब," ती म्हणाली, "मी सांगत हुते तवाबी ती फ्लॉपी तुमच्याच टेबलावर हुती."