देवासाठी एक मूठ

“लाइन एकच, घरं हजार. ज्याला जेवढं कबूल केलं, तेवढं त्याच्या नावानं बांधून ठेव. राहील ते अवघ्यांत सोड. मग कोणी रडो, कोणी ओरडो, बांधलेलं सोडायचं नाहीं. कळलं की नाहीं, सुप्रभा?”

सेतुराममामांना जाऊन दोन वर्षं झाली होती. तरी सकाळी दिवा लावून, तसबिरीला कुंकू लावून सुप्रभा संगणकासमोर बसली, की आधी हा आवाज यायचा आणि मग पडद्यावरच्या रेघा हलायला लागायच्या. तंजावूरच्या पश्चिम राजवीथीत, भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर मामांनी केबल टीव्हीचा धंदा मांडला होता. पुढे त्याचंच इंटरनेट झालं. त्रिचीहून येणारी एक जाड लाइन, आणि तिच्यातून शहरात नि कावेरीकाठच्या खेड्यांत गेलेले बारीक धागे. सुप्रभा आली होती गिऱ्हाइकांचे फोन घ्यायला. मामांनी तिला लाइन वाटून द्यायला शिकवलं. घरांना मिळेल ते मिळायचं. पण कॉलेज, बँकेची शाखा, रक्त तपासणारी लॅब अशा गिऱ्हाइकांचा वाटा ठरलेला असायचा. लाइन कितीही तुंबली तरी तेवढं त्यांच्यापर्यंत पोचणारच, अशी हमी; मात्र तेवढंच, घरांच्या वाट्यातलं त्यांना मिळत नसे.

आज मात्र तो आवाज पुरता विरायच्या आत मामांचा मुलगा गणेशकुमार जिना चढून आला. कमरेला कोरी वेष्टी, कपाळाला गोपीचंदन, दोन हातांत दोन फोन.

“अक्का, आज काय वाटेल ते करा, पण रुक्मिणीकल्याण अडकतां कामा नये. गेल्या वर्षी न्यू जर्सीच्या आत्याला ऐन मांगल्यधारणाला, मंगळसूत्र बांधतांना, नवरदेवाच्या जागी गोल फिरणारं चाक दिसलं. अजून ऐकवते. ‘गणेशा, रुक्मिणीनं चाकाशी लग्न लावलं काय रे?’”

“देवाला हसूं नये,” सुप्रभा म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली.

राजवाड्यामागच्या भजनमठात मराठी घरं मिळून दरवर्षी हे कल्याण, म्हणजे देवाचं लग्न, लावत. मुलंबाळं गेली चेन्नैला, बंगळुरूला, परदेशी. ती आता फोनवर बघायची. त्या वेळेला लाइन अशी फुगायची, की मठातून निघालेलं चित्र रस्त्यातच अडकून पडायचं.

“मठाला वेगळा वाटा बांधूं तर कोठून आणूं? येतं ते तेवढंच आहे.”

“थोडं इकडून, थोडं तिकडून. तुम्हांला कळतं. मज काय कळे?” असं म्हणून तो उतरूनही गेला.

खाली चिपळ्या वाजल्या. उंछवृत्ती निघाली होती. मठाचे भजनी भागवतर गळ्यात तांब्याचा चेंबू अडकवून नाम घेत दारोदार फिरत होते, आणि घरोघरची बाई मूठभर तांदूळ त्यात घालत होती. देवाच्या लग्नाचा भात याच तांदळांचा. माडीचं घर असो की पत्र्याचं, मूठ एकच. सुप्रभाही खाली उतरली. घरून पदराच्या टोकाला बांधून आणलेले तांदूळ चेंबूत घातले, वाकून नमस्कार केला, आणि जिना चढता चढता तिला सुचलं.

प्रत्येकाच्या बांधलेल्या वाट्यातून एक मूठ काढायची. दोन एमबी, जास्त नाही. कॉलेजला कळणार नाही, बँकेला तर नाहीच नाही. अवघ्यांची मूठ मिळून लग्न सुरळीत लागेल, आणि न मागता सगळ्यांच्या पदरात पुण्य पडेल.

एकेकाचा वाटा उघडून बघत बसायला वेळ नव्हता. तिनं सगळ्यांना मिळून लागू होईल अशी एकच आज्ञा लिहिली, जमलेलं मठाच्या नावानं बांधलं, आणि संगणकाला हात जोडले.

लग्न असं लागलं, की बघत राहावं. सुप्रभा पहाटेपासून निराहार, बायकांत बसली होती. मांगल्यधारणाला नादस्वर टिपेला गेला तेव्हा गणेशकुमारनं लांबून फोन उंच करून दाखवला. कानाशी आलेल्या एका मुलीनं निरोप दिला, “आत्याला रुक्मिणीच्या नाकातली चमकी दिसते म्हणे!” सुप्रभानं अक्षता टाकल्या. डोळे भरून आले ते पुसायला पिशवीतला रुमाल काढला, तेव्हा रुमालाखालचा फोन दिसला. कविताचे फोन येऊन गेले होते. एक नाही, ओळच्या ओळ.

कविता म्हणजे तिच्या गल्लीतली मुलगी. बसनं तासाभरावरच्या पूंगरै गावात एका ट्रस्टच्या छोट्या दवाखान्यात नर्स होती. छातीत दुखतं म्हणून कोणी आलं, की ती ईसीजीची पट्टी काढून तंजावूरच्या हृदयाच्या डॉक्टरांना पाठवायची. ते बघायचे आणि गुठळी विरघळवायची सुई द्यायची की नाही ते फोनवर सांगायचे. त्यासाठीच दवाखान्यानं वाटा घेतला होता. “आमच्या वाट्याला कोणी हात लावणार नाहीं ना, अक्का?” असं कवितानं तेव्हा विचारलं होतं. “माझ्या हातानं बांधते गं,” सुप्रभा म्हणाली होती.

ती मठाबाहेर आली आणि फोन लावला.

“कल्याणात होते गं, ऐकूं आलं नाहीं. काय झालं?”



“आतां कांहीं नाहीं, अक्का. राममूर्ती गेले.”

“कोण राममूर्ती?”

“इथलेच. बसथांब्यापाशी चहाचं दुकान आहे त्यांचं. चालत आले, अक्का. बाहेर चपला काढून आपल्या पायांनी आत आले. मी पट्टी काढली, पाठवली, ती जाईचना. चाक फिरतंय, नुसतं फिरतंय. डॉक्टर फोनवर म्हणतात, बघितल्यावाचून सुई दे म्हणून कसं सांगूं, उलटी पडली तर? मोबाईलचं नेट इथं लागत नाहीं, ठाऊक आहे ना तुम्हांला. मग पट्टीचा फोटो काढला आणि कालव्याच्या पुलापर्यंत पळाले. तिथून गेला. डॉक्टर म्हणाले, दे, आत्तां दे. मी परत आले तर...”

आत बायकांनी लग्नाची गाणी धरली होती. सुप्रभाच्या तळव्याला चार अक्षता हळदीनं चिकटून राहिल्या होत्या. त्या तिनं एकेक करून सोडवल्या, आणि सोडवून झाल्यावरही ती तळवा खरवडत राहिली.

“लाइन तुटली असेल ना, अक्का?” कविता म्हणाली. “नाहीं तर तुम्ही बांधून दिली होती.”

रेशमी लुगडं दोन्ही हातांनी उचलून सुप्रभा राजवीथीतून पळाली. कोणी विचारलं, “काय हो, काय झालं?” तिला ऐकू आलं नाही. माडीवर पंखा चालू होता, तसबिरीपुढचा दिवा शांत जळत होता. पडद्यावर कॉलेज होतं, बँक होती, लॅब होती. मूठ काढून ज्याचं त्याचं पुष्कळ उरलेलं. खाली, अगदी शेवटी, पूंगरैचा दवाखाना. त्याच्यापुढे शून्य.

तिनं पदरानं पडदा पुसला. परत पुसला.

“ईसीजीला कितीसं लागतं? दोन पुष्कळ झाले. उगाच जास्तीचे पैसे कशाला भरता?” हे तीच म्हणाली होती, दवाखान्याचं भलं व्हावं म्हणून. पूंगरैकडे होतीच एक मूठ. ती तिनं सकाळी नमस्कार करून काढून घेतली होती.

आधी तिनं मठाचा वाटा सोडला, आणि ज्याचं त्याला परत बांधलं. शून्याच्या जागी दोन आले. दवाखान्याची रेघ पडद्यावर टुणकन वर उडाली. इतका वेळ अडकून राहिलेली पट्टी आता जात होती. डॉक्टरांकडे ती पोचली, तसा छोटा हिरवा ठिपका लागला. सुप्रभाच्या तोंडून आवाज निघाला, तो तिचा तिलाच ओळखू आला नाही.

“अक्का, जेवायला चला, पान मांडलंय,” म्हणत गणेशकुमार वर आला. तिनं सांगितलं. त्याला आधी कळेचना. मग कळलं तसा तो जिन्याच्या वरच्या पायरीवरच बसला.

“कोणाला ठाऊक आहे?” त्यानं विचारलं.

“तुला आणि मज.”

“मग तसंच राहूं द्या. खेड्यातली लाइन, कोणी खणताना कापली म्हणूं. रोज कोठें तरी कापतात. अक्का, तुम्ही काय वाईट बुद्धीनं केलं? देवासाठी केलं.”

“देवानं मागितलं नव्हतं रे.”

“तुम्ही तोंड उघडलं तर अप्पांचा हा धंदा उद्या बंद. आणि तो माणूस उठून बसणार आहे काय?”

तेवढ्यात फोन वाजला. कविता. औषधांच्या खोलीत दार लावून दबक्या आवाजात बोलत होती. मागे माणसांचा गलका.

“अक्का, तुम्ही एवढंच सांगा, केबल तुटली होती ना? त्यांचा मुलगा ओरडतोय. म्हणतो, माझा अप्पा इथं तडफडत होता आणि ही फोन घेऊन पळाली. कोणाशी बोलत होतीस, विचारतो. अवघं गाव तेंच म्हणतंय, पुलावर उभी राहून हसत होती म्हणून. मी हसेन, अक्का? त्यांची बायको, नागलक्ष्मी, ती तर बोलतही नाहीं. माझ्या हातातल्या फोनकडे बघत बसलीय.”

गणेशकुमार दोन बोटांनी कात्री करून दाखवत होता. कापली म्हणा. कापली म्हणा.

सुप्रभानं त्याच्याकडे पाठ केली.

“केबल तुटली नव्हती, कविता.”

“मग?”

“तुझा वाटा मी काढला. कल्याणासाठी. माझ्या हातानं.”

कविता लहान मुलीसारखं म्हणाली, “असं काय बोलता, अक्का?”

“खरं तेंच. मी येते. त्यांच्या घरी, त्या बाईसमोर मीच सांगते, तू पळाली नाहींस म्हणून. तोंवर दार उघडूं नको.”

“ते मारतील तुम्हांला.”

“येते म्हटलं ना.”

गणेशकुमार उठून जिन्यात आडवा उभा राहिला. सुप्रभा एक पायरी वर थांबली, वाट बघत. त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि अंग चोरून भिंतीला लागला.

“निदान दोन घास खाऊन जा,” तो म्हणाला. “सकाळपासून उपाशी आहां.”

“तू जा मठात. लोक पानावर खोळंबले असतील.”

जुन्या बसस्टँडवर पूंगरैची बस निघायच्या बेतात होती. रेशमी लुगडं, कपाळभर कुंकू, केसांत मोगरा बघून बायकांनी सरकून तिला खिडकीपाशी जागा दिली. शेजारची म्हातारी केळीच्या पानांचा भारा मांडीवर सावरत कौतुकानं तमिळमध्ये म्हणाली, “कोणाचं लग्न, अम्मा?”

सुप्रभानं मागे हात नेऊन केसांतला गजरा सोडवला. तो कोठे ठेवावा ते तिला सुचेना. तसाच मुठीत धरून राहिली.

“चहावाले राममूर्ती,” ती म्हणाली. “त्यांचं घर पुलाच्या अलीकडे की पलीकडे?”

म्हातारी तिच्या लुगड्याकडे बघत राहिली. बस फलाटावरून मागे येऊन रस्त्याला लागली.

“अलीकडे,” ती म्हणाली. “उतरल्यावर दिसेल. आत्ताच फोन आला, माणसं उभी आहेत.”