अक्कांनी बघितलेली गाठ

रंगाऱ्याच्या बायकोच्या यकृतात नारळाएवढी गाठ होती. कर्करोग नव्हे, रक्तवाहिन्यांचं नुसतं गुंतवळ. पण जठरावर अशी रेलून बसली होती की दोन घास गेले की तिसरा उलटून यायचा. पोट मात्र पुढे. थोरली नणंद, अक्का, येईल तेव्हा त्या पोटावर हात फिरवून चारचौघांत विचारायची, “कितवा गं?” वर स्वतःच खिदळायची. रंगाऱ्याला शिसारी यायची. पण आईमागे अक्कानंच त्याला वाढवलेलं, तेव्हा तोंडाला कुलूप.

सर्जननं कागदावर चित्र काढून सगळं सांगितलं. गाठ लहान असती, त्रास नसता, तर हातही लावला नसता. जांघेतून नळी घालून तिचा रक्तपुरवठा तोडता येतो, पण एवढं धूड त्यानं पुरेसं आटेलच असं नाही. त्यापेक्षा कडेकडेनं सोलून काढावी, चांगलं यकृत राखावं. सोलताना रक्त आवरेना झालं, तर यकृताचा उजवा भागच गाठीसकट कापायचा. उरलेलं वाढून भरपाई करतं. नक्की काय, ते पोट उघडल्यावरच ठरणार.

“सोलता आलं तर सोला,” बायको म्हणाली. मग नवऱ्याला जवळ बोलावून हळूच म्हणाली, “काढलेलं नातेवाइकांना दाखवतात म्हणे. तुम्ही बघा. अक्कांना नको.”

ऑपरेशन चालू असताना आणखी रक्त हवं झालं आणि रंगारी रक्तपेढीकडे धावला. नेमका तेव्हाच शिकाऊ डॉक्टरनं दारातून नातेवाइकांना पुकारा केला. अक्का बाकावरून उठली ती बक्षीस लागल्यासारखी.

तो परतला तर अक्का मोबाइल नाचवत उभी. गाठ सोलूनच निघाली, बायको ठीक आहे, हे त्याला नर्सनं सांगितलं. अक्काचं सगळं चित्त गाठीत. “काळीजांभळी रे, नुसती थबथबलेली. बघ, बघ.” फोटोत ट्रे, ट्रेमध्ये ओला गोळा आणि कोपऱ्यात अक्काचा अंगठा. फोटो एव्हाना सगळ्या गोतावळ्यात पोचला होता. कुणीतरी विचारलं होतं, मुलगा की मुलगी. त्यावर अक्कानं हसरं तोंड चिकटवलं होतं.

गोळ्याची रंगाऱ्याला किळस वाटली नाही. अंगठ्याची वाटली. त्यानं मोबाइल परत दिला आणि हात पँटला पुसला.

दुसऱ्या दिवशी अतिदक्षता विभागात एकालाच सोडलं. बायकोनं पहिलं तेच विचारलं, गाठ तुम्हीच बघितलीत ना. थाप त्याच्या अगदी ओठांवर आली होती.

“अक्कानं बघितली,” तो म्हणाला. “फोटोही पाठवला सगळ्यांना.”

तिनं विचारलं, “आता मला पोटभर जेवता येईल ना?”

“हो म्हणालेत.”

“मग मी जेवताना त्या समोर नकोत. कधीच.”

बाहेर अक्का बिस्किटं खात बसली होती. त्यानं बायकोचा निरोप शब्दाला शब्द सांगितला आणि घरी येऊ नकोस, हे स्वतःच्या पदरचं जोडलं. अक्कानं चावणं थांबवलं नाही.

“जागरणानं डोकं फिरलंय तुझं,” ती म्हणाली आणि पुडा पुढे केला. “खा आधी.”

तो उठला आणि लांबच्या बाकावर जाऊन बसला.