बोराएवढी अक्षरं

सुनेने कॉम्प्युटरवरची अक्षरं बोराएवढी करून दिली, तेव्हा सासरेबुवांना अगदी भरून आलं. इतकी वर्षं पडद्याला नाक लावून वाचणारे ते, आता खुर्चीत ऐसपैस रेलून वाचू लागले. हिच्याबद्दल आपण उगाच मनात अढी धरली, असंही त्यांना वाटून गेलं. पण तिचे रोजचे टोमणे काही थांबेनात, तेव्हा एके दुपारी ती स्वयंपाकघरात असताना त्यांनी गुपचूप वृद्धाश्रमांची यादी उघडली.

“बाबा, तिसरा नको,” भांडी पुसता पुसता सून दारातून म्हणाली. “चौथा बघा. तिथे जागा आहे, मी गेल्याच महिन्यात विचारून ठेवलंय.”

सासरेबुवांचा हात अक्षरं लहान करायला धावला.

“राहू द्या हो मोठीच,” ती म्हणाली. “मला इथून छान दिसतात.”