शेपटी गावाकडे का वळली?

मी आकाशातली एक जुनी म्हातारी आहे, आणि सुरतेच्या त्या हेमराजने मला अपशकुनी म्हटलं! पुस्तकं मला धूमकेतू म्हणतात, ते एक वेळ चालेल. पण अपशकुनी?

मित्रांनो, माझं कूळ तुमच्या पृथ्वीइतकं जुनं. बर्फ, धूळ आणि काजळीसारखा काळा चिकटा यांचा मी ओबडधोबड गोळा. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण सूर्याचं तोंड पुष्कळदा पाहिलंय. युगानुयुगं मी लांब अंधारात गारठून पडून होते. मग सूर्याने ओढून घेतलं.

ऊन लागलं की बर्फाच्या गोळ्यासारखी मी टपटप गळत नाही बरं! तिथे हवेचा दाबच नाही, म्हणून माझ्या बर्फाची थेट वाफच उठते. तिच्याबरोबर धूळ उडते, तिची एक बाकदार शेपटी होते. पुढची करामत तर बघतच राहावी. कडक ऊन पाण्याच्या एवढ्याशा कणाला फोडतं. हायड्रोजन सुटून पळतो, उरलेला भाग चमकतो. मग येतो सूर्याचा वारा. त्यात विजेने भारलेले कण. तो माझ्या फुटक्या कणांनाही वीज लावतो आणि सोबत ओढून नेतो. ती दुसरी शेपटी, मागावर ताणलेल्या सुतासारखी सरळ. काय त्या पाण्याची हिंमत! मोडतं, तरी उजळतं. आणि दोन्ही शेपट्या सूर्यापासून लांबच पळतात. परतीच्या वाटेवर तर शेपटी पुढे आणि मी मागे.

हे हेमराजला कुठून ठाऊक! तो सुरतेजवळच्या सचिन नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या यंत्रमागावरचा कारागीर. त्याची बायको उज्ज्वला पहिल्या बाळंतपणाला माहेरी, अमळनेरला निघाली होती. तिकडे तिची आई डिंकाचे लाडू वळून वाट बघत होती. पिशवी जिन्याशी बांधून तयार. तेवढ्यात संध्याकाळी गच्चीवरून मी त्याला दिसले. शेपटी पूर्वेला, खानदेशाकडे.

"शेपटी आपला गावकडे शे! अपशकुनी शे ती! तू आते जावानं नही," तो ओरडला आणि पिशवी परत घरात नेऊ लागला.

उज्ज्वलाचे डोळे भरले. पण बाई मोठी खंबीर! तिने पदराने डोळे पुसले आणि दोरीवर वाळणाऱ्या साड्यांकडे बोट केलं. समुद्राच्या वाऱ्याने सगळ्या एकाच दिशेला फडफडत होत्या.

"अहो, ह्या साड्या बी गावकडेच उडी ऱ्हायन्यात. त्यासले बी अपशकुनी म्हनशात का?"

"तो तर वारा शे."

"मंग समुद्रकडथून वारा येस, तर कापड कोठे जाई?"

हेमराजने साड्यांकडे पाहिलं. मग पश्चिमेला, जिथे सूर्य नुकताच बुडाला होता. मग माझ्याकडे.

"तिलेबी वारा लागस का?" त्याने हळूच विचारलं.

लागतो तर! मित्रांनो, दर फेरीला ऊन आणि वारा माझं थोडं पाणी नेतात, मी थोडी झिजते. पण त्या झिजण्यातूनच हा उजेड होतो. तेव्हा मला डोळे भरून बघा, माझ्या नावाने कुणाची वाट अडवू नका.

आणि हेमराज, तुलाही सांगते, कान उघडे ठेवून ऐक: "शेपटी माझी, दिशा सूर्याची आणि अक्कल तुझ्या बायकोची. उचल ती पिशवी, गाडी चुकेल!"