अंगठ्याएवढी फट

मी एक जुनी फळी आहे, मित्रांनो. दाराच्या चौकटीची डावी, उभी फळी. माझे दार आता नाही, चौकट नाही आणि ज्या घराला ते दार होते ते घरही नाही. सध्या मी पालिकेच्या दप्तरखान्यात एका लोखंडी कपाटाला टेकून उभी असते. माझ्या अंगावर निळा शिक्का आहे, 'मिळाले' असा, आणि खाली तारीख. कागदांच्या राज्यात ही फळी कशाला, असे कुणीतरी विचारील म्हणून मी पुष्कळ वाट पाहिली. कुणी विचारत नाही, तेव्हा मीच सांगते.

जातीने मी पाइन. उत्तरेकडच्या तळ्यांच्या जंगलात वाढले, ओंडका होऊन नदीतून वाहत या गावात आले आणि इथल्या करवतीखाली माझी फळी झाली. तेव्हा नदीकाठच्या रस्त्यावर चार मजल्यांची एक विटांची इमारत उभी राहत होती. तिच्या तिसऱ्या मजल्यावर, एका स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला मला बसवले. बसवणारा सुतार मोठा चिकित्सक होता. त्याने माझ्याजवळ ओळंबा सोडला, एक डोळा मिटून पाहिले, पुन्हा पाहिले आणि म्हणाला, "सरळ." नंतर कुणी मला वेगळे प्रशस्तिपत्र दिले नाही, पण मला त्याची गरजही पडली नाही. त्या एका शब्दावर मी शंभर वर्षे काढली.

त्या घरात पुष्कळ बिऱ्हाडे आली आणि गेली. शेवटी आल्या ओडेसाबाई. शाळेच्या स्वयंपाकघरात त्या आचारी होत्या. सोबत त्यांची सात वर्षांची लेक लॉरेन. लॉरेनच्या दर वाढदिवसाला तिला माझ्याशी टाचा टेकवून उभी करायची, डोक्यावर पुस्तक आडवे धरायचे आणि पेन्सिलीने माझ्यावर रेघ ओढायची, असा त्या दोघींचा नेम होता. ती चवड्यांवर उभी राहायची आणि ओडेसाबाई तिच्या पोटरीवर चापट मारायच्या. अशा अकरा रेघा माझ्यावर झाल्या. मग लॉरेन शिकायला दूर गेली आणि तिकडचीच झाली. घराला तीनदा रंग लागला, पण ओडेसाबाईंनी मला ब्रश लागू दिला नाही. मला त्याचा फार अभिमान होता.

इमारतीची सगळी उस्तवार वेंडेल करायचा. नळ, दिवे, जिन्यावरचे बर्फ, सगळे त्याच्या एकट्याच्या गळ्यात. माणूस कष्टाळू, हाताचा सफाईदार आणि मालकाला भिणारा.

तळमजल्यावर फर्निचरचे दुकान होते. त्या दुकानदाराला रस्त्यावरून दिसेल अशी मोठी काच हवी होती, म्हणून त्याने आतली एक भिंत पाडली. पालिकेचा परवाना होता. तो देणाऱ्याने इमारत पाहिली नव्हती, खुर्चीत बसूनच सही केली होती. त्याच हिवाळ्यात माझे दार पहिल्यांदा अडकले.

"दमट हवा आहे, मिस ओडेसा. लाकूड फुगतं," वेंडेल म्हणाला.

"जानेवारीत? बाहेर गुडघाभर बर्फ पडलंय. कसली दमट हवा लावलीस?"

"मग लाकूड म्हातारं झालं असेल."

"म्हातारी मीपण झालेय. मी कुठे दारात अडकतेय?"

वेंडेल हसला आणि त्याने रंधा काढला. दाराची कड तासली, थोडी माझीही तासली. कुरळ्या साली जमिनीवर पडल्या आणि दार लोण्यासारखे लागले. मला बरे वाटले, हे मी लपवत नाही. पण फुगले काहीच नव्हते. माझ्या डोक्यावर वरची भिंत बसत चालली होती. जो भार शंभर वर्षे खालच्या भिंतीने उचलला, तो आता माझ्यावर येत होता. मला तोंड असते तर मी ओरडले असते. फळी फार तर वाकते, तेवढे मी केले.

त्या वर्षात रंधा तीनदा चालला. दार दर वेळी अडकायचे आणि दर वेळी सुरळीत व्हायचे.

इकडे माझ्या आणि भिंतीच्या मध्ये एक फट पडली. ओडेसाबाईंच्या नजरेतून ती सुटणे शक्यच नव्हते. त्यांनी आपल्या पद्धतीने तिचे माप घेतले. मार्चमध्ये फटीत सुरीचे पाते जात होते. त्यांनी पेन्सिलीने माझ्यावर लिहिले, 'मार्च, सुरी.' जूनमध्ये चमच्याचा दांडा जाऊ लागला. सप्टेंबरमध्ये करंगळी. एका बाजूला लॉरेनची वाढ आणि दुसऱ्या बाजूला या फटीची, दोन्ही मीच अंगावर वागवत होते.

मार्चमध्येच त्यांनी पालिकेला फोन केला होता. एका ध्वनिमुद्रित बाईने त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. तपासनीस आला तो ऑक्टोबरात. गर्लाक त्याचे नाव. तो वाईट माणूस नव्हता, हे आधी सांगते. पूर्वी त्याच्या खात्यात नऊ जण होते, आता सगळ्या शहराला मिळून दोघे उरले होते. ओडेसाबाईंचे घर त्याचे त्या दिवशीचे अकरावे. तो धापा टाकत तिसरा मजला चढला, त्याने माझे दार उघडले, लावले, पुन्हा उघडले.

"दार लागतंय की."

"लागतंय, कारण तीनदा तासलंय," ओडेसाबाई म्हणाल्या.

"माझ्या कागदावर प्रश्न असा आहे, दारं नीट लागतात का. उत्तर, हो."

"आणि ही फट? बोट घालून बघा."

त्याने बोट घातले नाही. "फटीसाठी वेगळा अर्ज. तो अभियंत्याकडे जातो."

"मग कुठाय तुमचा अभियंता?"

"ती जागा रिकामी आहे, बाई. चार वर्षं झाली." असे म्हणून त्याने एक खूण केली, सही केली आणि बाराव्या घराकडे गेला.

मित्रांनो, मी त्या दिवशी अडकायला हवे होते. एरवी मला दार घासल्याची लाज वाटायची, पण त्या दिवशी सगळे बळ एकवटून मी त्याच्या तोंडावर दार अडवायला हवे होते. मी शहाण्यासारखी गप्प राहिले आणि दार लागले. ते माझ्या मनाला अजून खाते.

आता भाडेकरूंचा पेच ऐका. इमारत धोक्याची आहे असा पालिकेचा लाल कागद दारावर लागला, तर घर सोडता येते. कागदाशिवाय सोडले तर करार मोडला, अनामत बुडाली आणि वर मालकाचा दावा. सगळ्यांना तो लाल कागद हवा होता. एका रविवारी दुपारी सगळे जिन्यात जमले. दुसऱ्या मजल्यावरचे म्हातारे कॅसिमिरही आले. ते आयुष्यभर पोस्टात होते, त्यामुळे शिक्क्याखेरीज जगात काही खरे नसते, अशी त्यांची पक्की समजूत होती. बोलणे नीट सुरू होते न होते तोच खाली भोंगे वाजले. जमाव जमलाय, असा मालकाने पोलिसांना फोन केला होता. तीन गाड्या आल्या.

"किती वेळ लागला यायला?" ओडेसाबाईंनी पुढच्या पोलिसाला विचारले.

"सहा मिनिटं, मॅडम."

"फट बघायला सात महिने, आणि आम्हाला बघायला सहा मिनिटं. या, कॉफी घेता?"

पोलीस ओशाळले. त्यांनी कुणाला हात लावला नाही, पण लोक पांगले ते पांगलेच. पुन्हा जिन्यात जमायला कुणी धजले नाही.

नोव्हेंबरात फटीत अंगठा गेला. ओडेसाबाईंनी माझ्यावर तसे लिहिले आणि पेन्सिल ठेवून दिली. येत्या मंगळवारी पालिकेची सभा होती. पुढच्या वर्षीचा खर्च मंजूर व्हायचा होता आणि त्याआधी लोकांना बोलू देणार होते.

"वेंडेल, ते म्हणतात दार लागतं. मी दारच घेऊन जाते त्यांच्यापुढे."

"दार जड आहे, मिस ओडेसा. त्यापेक्षा ही फळी न्या. लिहिलेलं सगळं हिच्यावरच आहे."

त्याने पहार लावली. शंभर वर्षांचे खिळे कण्हत निघाले आणि मी बाजूला झाले. माझ्यामागे विटा असायला हव्या होत्या. तिथून नदी दिसत होती. वेंडेलने पहार खाली ठेवली. मग म्हणाला, "मी रंधा मारत राहिलो. दर वेळी."

"तुला कुणी सांगितलं नव्हतं, बाळा."

"मी विचारलंही नव्हतं."

मालकाला भिणारा तो माणूस त्याच दुपारी प्रत्येक दार ठोठावत फिरला. करार गेला खड्ड्यात, निघा, असे त्याने सगळ्यांना सांगितले. संध्याकाळपर्यंत मालकाने त्याला कामावरून काढले. पण लोक निघाले. कुणी बहिणीकडे गेले, कुणी गाडीतच राहिले. फक्त कॅसिमिर हलेनात.

"लाल कागद दाखव, मी बॅग भरतो. नुसत्या बोलण्यावर मी कधी पत्र टाकलं नाही, घर कसं टाकू?"

"मंगळवारी आणते तुमचा कागद," ओडेसाबाईंनी त्यांना शब्द दिला.

मंगळवारी दुपारी मी बसमधून सभागृहात गेले. खर्चाची जाडजूड वही सगळ्यांना वाटली होती. पोलिसांची पाने संपता संपत नव्हती. नव्या गाड्या होत्या आणि एक चिलखती गाडीही होती. इमारत तपासणीचे खाते एका ओळीत मावले होते.

बोलायला दोन मिनिटे. ओडेसाबाईंनी मला शेजारी उभी धरली.

"मी ओडेसा प्रुइट. एकतीस वर्षं शाळेत सैपाक केला. इथे बसलेल्या दोघांनी माझ्या हातचं खाल्लंय, नावं घेत नाही." थोडे हसू झाले. "पोलिसांवर माझा राग नाही. आम्ही जिन्यात बसलो तर सहा मिनिटांत आले, कौतुकच आहे. पण आमच्याकडे भिंत फाटतेय. तिच्यासाठी मी कुणाला बोलावू? तिला बेड्या घालता येत नाहीत. तुम्ही चिलखती गाडी घेताय, घ्या. पण तिच्या एका चाकाच्या पैशात आम्हाला एक अभियंता द्या, जो फटीत बोट घालील. हे बघा, इथे लिहिलंय. मार्च, सुरी. जून, चमचा. सप्टेंबर, करंगळी."

लाल दिवा लागला. "वेळ संपला, बाई," अध्यक्ष म्हणाले.

"अंगठा राहिलाय."

माईक बंद झाला होता. मग त्यांनी आपला अंगठा वर धरून सगळ्यांना दाखवला. एका सभासदाने हसून आपलाही अंगठा दाखवला.

त्या खाली बसेनात, तेव्हा दारावरचा पोलीस आला. चांगला उंचापुरा गडी. तो हळूच म्हणाला, "चला मिस ओडेसा. फळी मी धरतो. मी मार्कीस, लॉरेनच्या वर्गातला. कुणी बघत नसताना मला दुसऱ्यांदा वाढायचात."

"मग आता तू दे काहीतरी. आमच्या दारावर लाल कागद लाव."

"तो मला लावता येत नाही. मला माणसं हटवायला शिकवलंय. भिंत बघायला कुणी शिकवलंच नाही."

पण त्याने मला खांद्यावर घेतले आणि थेट कारकुनाच्या टेबलावर ठेवले. सभेत दिलेली वस्तू नोंदवावीच लागते, हे त्याला माहीत होते. 'मिळाले' हा शिक्का मला तिथे मिळाला. सभेने खर्च मंजूर केला आणि माझा विषय पुढच्या महिन्याच्या समितीकडे पाठवला.

गुरुवारी भर दुपारी इमारतीचा नदीकडचा भाग खाली आला. कॅसिमिर तेव्हा आत सूप गरम करत होते.

हे मला ओडेसाबाईंकडून कळले. त्या इथे आल्या आणि कारकूनबाईंशी बोलल्या तेव्हा. पोलीस याही वेळी लगेच आले, त्यांनी पिवळी फीत बांधली, होती ती जुनी चिलखती गाडीसुद्धा आणली. तिसऱ्या प्रहरी गर्लाक लाल कागद घेऊन आला. तो चिकटवायला दार उरले नव्हते. शेवटी त्याने तो पिवळ्या फितीला लावला आणि तिथेच पदपथावर बसून राहिला.

"मी त्यांना कागदाचा शब्द दिला होता," ओडेसाबाई म्हणाल्या. "वेंडेल म्हणतो चूक त्याची. गर्लाकही तेच म्हणतो, चूक त्याची. ज्यांनी ती एक ओळ लिहिली, त्यांच्याकडून मात्र अजून कुणी आलेलं नाही."

मग त्या माझ्याजवळ आल्या. लॉरेनच्या पहिल्या रेघेवरून शेवटच्या रेघेपर्यंत त्यांनी बोट फिरवले. फटीच्या बाजूला हात लावला नाही. मला घरी नेता येईल का, असे त्यांनी विचारले. सरकारी दप्तर बाहेर जात नाही, असे उत्तर मिळाले. त्यांनी मान हलवली आणि त्या निघाल्या.

दप्तरखान्याचे दार उघडताना खाली फरशीला घासले. कारकूनबाईंनी सवयीने त्याला खांदा दिला. "हे असंच आहे हो. सुताराला सांगितलंय, तासून देईल."

ओडेसाबाई उंबऱ्यातच थांबल्या.

"कधीपासून?" त्यांनी विचारले.



मित्रांनो, मी लाकडाची एक फळी, मी तुम्हाला काय शिकवणार? एवढेच मागते. तुमच्या घराचे, शाळेचे दार एखाद्या दिवशी अडकले तर त्याच्यावर चिडू नका. ते आपल्या परीने काहीतरी सांगत असते. रंधा आणायच्या आधी फटीत बोट घाला आणि ओडेसाबाईंनी विचारले तसे विचारा. उत्तर द्यायला माणूस नेमलेला नसेल, तर तो का नाही हेही विचारा, लाल दिवा लागला तरी विचारा. इथले दार काल तासून झाले. आता ते अगदी छान लागते.