गरुड, नागपूर

महादेवरावांचा पाय तीन दिवसांपासून एका जागी ठरत नव्हता. नागपूरबाहेर वाडीला मालवाहतूक कंपनीच्या नव्या गोदामात ट्रक लागत होते, मालाच्या पावत्या म्हणजे बिल्ट्या फाटत होत्या, आणि बावीस वर्षं नोकरी झालेला हा जुना मुनीम घटकेघटकेला रस्त्यावर येऊन तारवाल्याची सायकल शोधत होता.

शामला ही त्यांची लेक रायपूरला सासरी होती, दिवस भरलेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही जगाची रीत. पण तेवढ्यात कंपनीचं इतवारी बाजारातलं दुकान वाडीला हलवायची धांदल निघाली आणि महादेवराव म्हणाले, एवढं आटोपू द्या, मग आणतो तिला. आटोपेपर्यंत डॉक्टरीणबाईंनी प्रवासच बंद केला. जावयाला मात्र त्यांनी ऐटीत सांगून ठेवलं होतं, "आमच्या खोलीचा पत्ता लिहीत बसू नका. 'गरुड, नागपूर' एवढंच लिहा. आमच्या कंपनीचं हे नाव तारऑफिसात नोंदलेलं हाय. दोन शब्दांत तार माझ्या टेबलावर."

टेबलावर आठवडाभरात जावयाचीच काय, कोणाचीच तार आली नव्हती. इथून जात सगळ्या होत्या, येत एकही नव्हती. घरी त्यांच्या बायकोने, देवकीबाईंनी, रायपूरला जायची पिशवी भरून ठेवली होती. रोज संध्याकाळी त्या दारातच विचारायच्या, "आली का?" त्या प्रश्नाची महादेवरावांना आता धास्तीच बसली होती.

गुरुवारी सकाळी त्यांनी स्वतःलाच तार केली: 'गरुड नागपूर. पोचली का.' दुपार टळली तरी तीही गडप. मग मात्र ते तावातावाने तारऑफिसात शिरले.

"बाबूजी, आमच्या तारा कुठं जाऊन राहिल्या? पत्ता बदलल्याचा अर्ज म्या सोता देल्ला."

बाबूने शांतपणे फाईल काढून अर्ज समोर ठेवला. "देल्ला ना भाऊ. कधीपासून बदलायचा, ते वाचा. अक्षर तुमचंच हाय."

'अक्षय्य तृतीयेपासून.' तिला अजून चार दिवस होते.

मालक भैयाजी मुहूर्ताचे पक्के. माल आधी हलवा, हरकत नाही. पण मुहूर्ताआधी नवा पत्ता कागदावर चढवायचा नाही आणि जुन्या दुकानाची पाटी उतरवायची नाही. महादेवरावांनी मान डोलावली होती आणि वळणदार अक्षरात तसंच लिहून दिलं होतं. भांडायला आलेला माणूस आता भांडणार कोणाशी? ते सायकल काढून इतवारीकडे सुटले.

जुन्या दुकानाला कुलूप होतं, वर पाटी होती. शेजारचा पानठेलेवाला ताराचंद त्यांना पाहून हसला. "तारा सप्पा, एकूणएक, आत हायेत, महादेवराव. तुमच्या नावानं सही करून मीच दाराखालून सरकवून राहिलो. तुमी नसले की नेहमी करतो, आता काहून नाही करन?"

महादेवरावांनी कुलूप उघडलं.

आत फरशीवर तारांचा ढीग होता. वर त्यांची स्वतःचीच: पोचली का. तिच्याखाली बुधवारची: 'मुलगी झाली. दोघी सुखरूप.' महादेवराव तिथेच उंबऱ्यावर बसले आणि पोरासारखे रडले. मग डोळे पुसून उरलेल्या चाळल्या, तर सोमवारची सापडली: 'शामला अडली. आईला बोलावते. लगेच निघा.'

घरी पोचेपर्यंत त्यांच्या मनात एकच घोळत होतं. बुधवारची द्यावी, सोमवारची फाडून टाकावी. बायकोला कशाला कळायला हवं? पण ती दारातच उभी होती. तिचं तोंड पाहून त्यांना फाडवेना, दोन्ही तारा त्यांनी तिच्या हातात ठेवल्या.

देवकीबाईंनी अक्षर जुळवत दोन्ही वाचल्या. बुधवारची कपाळाला लावली. सोमवारची पुन्हा वाचली.

"सोमवारी पोरगी मले हाका मारून राहिली होती," त्या म्हणाल्या, "अन् तुमी मुहूर्त सांभाळून राहिले."

देवकीबाईंनी पिशवी उचलली, पायात चपला घातल्या.

"आता दोघी बऱ्या हायेत," ते चाचरत म्हणाले. "भैयाजींले विचारून उद्या..."

"तुमी विचारत बसा. मी चालली."

त्यांनी घाईघाईने कुलूप लावलं आणि तिच्यामागे निघाले. रस्त्यावर आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "निघालो म्हणून तार करू का?"

"तार नोका करू," देवकीबाई मागे न पाहता म्हणाल्या. "तिले आता माणूस दिसू द्या."