गोष्टीतली सासू

दातांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या सुनेने लेखनगटासाठी अगदी छोटी गोष्ट लिहिली. तिच्यात सासू मरते आणि सून सुटकेचा नि:श्वास सोडते. गटात सगळे "छान, छान" म्हणाले आणि पुढच्या गोष्टीकडे वळले. सुनेचा हिरमोड झाला.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून घरी आली, तर टेबलावर राहिलेला गोष्टीचा कागद सासूबाई चष्मा लावून वाचत होत्या. सून घाईघाईने म्हणाली,

"आई, मनानेच रचलंय हो सगळं."

"कळतं गं मला. मारलीस त्याचं काही नाही, पण पहिल्याच ओळीत? बाई कशी होती तेच कळत नाही. मग ती गेल्याचं कोणाला काय वाटणार?"

एवढं नीट कोणीच सांगितलं नव्हतं. सून खुर्ची ओढून बसली. "मग काय करू?"

"आधी तिला चांगली भांडू दे."

जेवणं होईपर्यंत दोघींनी त्या बाईला मनसोक्त भांडायला लावलं. दोघी हसून हसून बेजार झाल्या. मरणाची ओळ आली, तेव्हा सुनेला ती लिहवेना. शेवटी गोष्टीतली सासू जगली. गोष्ट मात्र एवढी लांबली, की गटाच्या शब्दमर्यादेत काही बसेना.